बांधावरचा तांदुळजा

भाजी विकत आणणं माझ्या सासूबाईंना कमीपणाचं वाटायचं. मी विंचूरहून फ्लॉवर आणला की त्या पिशवीकडे बघून म्हणायच्या, "बांध काय मेला का आपला?" द्राक्षबागेच्या कडेचा तो बांध म्हणजे त्यांची मंडई. तांदुळजा, पाथरी, पावसाळ्यात चिवळ. पेरायचं नाही, पाणी द्यायचं नाही, फक्त उगवलेलं ओळखायचं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला ते सगळं गवतच दिसायचं. पण मला दिवस गेले, सातव्या महिन्यात तोंडाची चवच गेली, आणि त्या गवतानंच मला पुन्हा जेवायला लावलं. तांदुळजा पोटुशीला चांगला, असं म्हणून सासूबाई रोज बांधावर जायच्या.

माझ्या नवऱ्याच्या लेखी मात्र बांधावर भाजी नव्हतीच. तिथं तण होतं, आणि तणात बागेवर येणारी कीड. बायकांची ती भाजी आणि पुरुषांचं ते तण. एकाच घरात राहून हे कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बागेतल्या औषधाचा आमच्याकडे केवढा बोभाटा! फवारणी असली की घरभर सांगून व्हायचं, लेकरं लांब, धुणं आत. पण बांधाचं कोण सांगणार? बांध कुणाच्या हिशेबात होता?

त्या दुपारी सासूबाईंनी लसूण-मिरचीची फोडणी देऊन तांदुळजा केला. दोन मुठीच निघाला होता, म्हणून स्वतः चटणी-भाकरी खाल्ली आणि भाजी माझ्या ताटात वाढली. मी चवीनं खाल्ली. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा नवरा हात धुऊन आत आला.

"भाजी कुठली?" त्यानं विचारलं.

"बांधावरची. कशी लुसलुशीत हाय बघ," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं माझ्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, काल मी तिथं तणनाशक मारलंय."

"आरं, पण पानं तर हिरवीगार व्हती!"

"लगेच नाय पिवळं पडत ते."

मी तोंडातला घास थुंकला. पण बाकीची भाजी पोटात गेली होती. माझे हात आपोआप पोटावर गेले आणि तिथंच राहिले. बाळ हलत नव्हतं. ते झोपलं असेल हे कळत होतं, तरी मला वाटलं, संपलं सगळं.

औषधाची बाटली घेऊन आम्ही लासलगावला दवाखान्यात गेलो. बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली, नवरा हॉर्न वाजवत सुटला आणि मी त्याच्यावर ओरडत राहिले. काय ओरडले ते आठवत नाही. डॉक्टरांनी बाटली वाचली, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके होते. "इतक्यानं बहुतेक काही होणार नाही. पण लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच या," ते म्हणाले. त्या 'बहुतेक'नं माझा जीव पार पोखरला.

घरी आलो तर सासूबाई चुलीपाशी कढई पुढ्यात घेऊन बसलेल्या. तळाला उरलेली भाजी त्यांनी बोटानं पुसून खाल्ली होती. नवरा चिडला, "आई, वेड लागलं का तुला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला जे व्हायचं ते आधी मला होऊ दे. म्हंजी कळंल तरी."

मग बांध पिवळा पडू लागला. मागच्या दारातून दिसायचा. आधी शेंडे, मग पानं, मग देठ. मी रोज बघायची आणि पोटावर हात ठेवायची. तिकडे गवतात जे चाललंय तेच माझ्या आत चाललं असेल, ही भीती काही केल्या जाईना. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "हललं का?" मी हो म्हणाले की मगच त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा.

मुलगी झाली, धडधाकट झाली. तरी पहिलं वर्षभर तिला साधी शिंक आली तरी मला तो बांध दिसायचा. आता नवरा फवारायच्या आधी सांगतो, पण शेजारचा सांगेलच असं नाही, आणि वाऱ्याला तर बांध कळत नाही. आमच्या ताटात आता आलटून पालटून फ्लॉवर, कोबी, बटाटा. त्यांच्यावर काय काय मारलेलं असतं ते आम्हाला दिसत नाही, म्हणून आम्ही ते निवांत खातो. मुलीला पाथरीचं नावही माहीत नाही.

सासूबाई मात्र अजून कधीतरी ओच्यात मूठभर तांदुळजा घेऊन येतात. त्या तो शिजवतात आणि निम्मा झाकून ठेवतात. मुलगी त्यांच्या ताटाशी जाऊन बसते, हात पुढे करते.

"आज आजी खाती," त्या तिचा हात बाजूला करत म्हणतात, "तू उद्या खा."