गाऱ्हाण्यात आजार ऐकणाऱ्या शमीम सिस्टर

शमीम सिस्टरांच्या साठीनिमित्त लिहायचे, तर पहिली भेट सांगावीच लागेल, आणि ती सांगणे म्हणजे माझीच लाज चव्हाट्यावर मांडणे. मांडते. जानेफळच्या दवाखान्यात मला सासूबाई घेऊन आल्या होत्या. उपचाराचा त्यांचा विचारच नव्हता. 'हिला काही झालेले नाही, निव्वळ आळस आहे', एवढे सिस्टरांच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि मला कायमचे माहेरी धाडायचे, असे घरात ठरले होते.

सिस्टरांनी मला काहीच विचारले नाही. सासूबाईंना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "सांगा मावशी, काय काय करते सून?"

सासूबाईंना हेच हवे होते. "दिवसभर झोपते. चार घास खाते अन् फुगून राह्यली. भर वैशाखात गोधडी लागते इले. सांगितलेलं याद राह्यत नाही. केस त साऱ्या घरात. पाळी आली की आठ-आठ दिवस जात नाही. अन् आवाज पाहा, गडीमाणसावानी!"

सिस्टरांनी शब्द न् शब्द कागदावर उतरवला. मग शांतपणे म्हणाल्या, "मावशी, हे समदं आजाराचं गाऱ्हाणं वाटते मले. कागद डॉक्टरले दाखवू. रक्त तपासल्याबिगर तिले आळशी म्हणू नका."

तपासणीत थायरॉइडचे काम मंदावलेले निघाले. डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, आणि तिच्यापायी माझा संसार मोडायला निघाला होता!

पुढे मी गावची आशाताई झाले आणि सिस्टरांच्या हाताखाली शिकले. "बाई आपलं दुखणं सांगत नाही. घरचे तिले काय नावं ठेवतात, ते ऐक," हा त्यांचा पहिला धडा. मी मात्र उत्साहाच्या भरात दिसेल त्या थकलेल्या बाईला थायरॉइड चिकटवू लागले. तेव्हा त्यांनी झापले, "कोणाचं रक्त कमी असते, कोणाचं पाळी जायचं वय असते, कोण्या पोरीले पीसीओडी असते. आपण ठरवायचं नाही, तपासाले न्यायचं."

जीभ तिखट, पण बोलणे पटणारे. चतुर्थीला गोळी चुकवणाऱ्या बायांना त्या विचारतात, "सकाळी उपाशीपोटीच घ्यायची गोळी आहे. उपासाले याच्याहून सोयीची कोणती?" बाया हसतात आणि गोळी घेतात.

मीही शहाणपणा केलाच. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद केली आणि काही महिन्यांत पुन्हा अंथरूण धरले. सिस्टर घरी आल्या. "रिपोर्ट चांगला आला तो गोळीनंच आला नं वं!" असे खडसावून, पदर खोचून, त्यांनी आमच्या चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. सासूबाई शेजारी बसून त्या भाजत होत्या. त्या दिवशी मला रडू आवरले नाही.

या लेखात काय लिहू, असे मी परवा सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही, मी सून हाकलाले गेली होती, अन् त्यायनं मले लेक देऊन वापस पाठवलं."

सिस्टर, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे मागणे आम्हा दोघींचे आहे.