जखमा : निरंक

आयुष्यात मी एकाच माणसाचं डोकं फोडलं, तेही लोखंडी स्टुलानं.

तेव्हा मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होतो. पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. त्यात तीन पानं होती. पहिल्यावर नाव-गाव, दुसऱ्यावर जखमा, तिसऱ्यावर काय घडलं ते. प्रत्येक पान वेगळ्या टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वेगळ्या तक्त्यात, जायचं, आणि पेशंटला पहिल्या टेबलात मिळालेला नंबर पुढच्या दोन्हींत जाऊन तिन्ही नोंदी एकमेकींना जोडायचा. पान भरून 'पुढे' दाबलं की तेवढं लगेच सेव्ह. मला तो प्रकार हुशारीचा वाटायचा.

एका दुपारी आसेगावकडचा एक वेल्डिंगवाला चाचा पिकअप घेऊन थेट दारात आला. मागच्या हौद्यात एक बाई आडवी पडलेली. पदर डोक्याला चिकटला होता आणि रक्तानं काळा झाला होता.

"डॉक्टरसाब, जल्दी करा," चाचा ओरडला. "इच्या देरानं कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं हाणलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत करत होती. दिराला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, तिच्या बाजूला सरकवायचा होता आणि ती हटत नव्हती. एवढंच कारण.

ती शुद्धीवर होती. नाव-गाव तिनंच सांगितलं. मी पहिलं पान भरलं, 'पुढे' दाबलं. डॉक्टर टाके घालत जखमा सांगू लागले आणि मी पहिली जखम टाइप करत होतो, तेवढ्यात दीर दोन माणसं घेऊन आत घुसला.

पहिल्या लाथेत माझं टेबल गेलं. कॉम्प्युटर फरशीवर आपटला, वायरी उपटल्या गेल्या. एकानं डॉक्टरांचा हातानं लिहिलेला केसपेपर टराटरा फाडून तुकडे केले. सिस्टर मध्ये आली, तिला त्यांनी भिंतीवर ढकललं. आणि दिरानं त्या बाईचे केस धरले. टाके अर्धे झाले होते, सुई अजून कातडीत होती. केस ओढल्याबरोबर ती जी किंचाळली, तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

स्टूल माझ्या हातात कसं आलं, मला आठवत नाही. कड त्याच्या भुवईवर बसली ते आठवतं. ओला, बोथट आवाज झाला. तो खाली बसला. मी स्टूल परत उचललं, तेव्हा चाचानं मागून माझे हात धरले. धरले नसते तर मी थांबलो असतो, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

बाहेर गर्दी जमली तशी त्याची माणसं त्याला घेऊन पळाली. डॉक्टरांनी बाईचे टाके पुरे केले, एकूण बारा, आणि डोक्याच्या तपासणीसाठी तिला अकोल्याला पाठवलं.

तासाभरात मी दुसरा कॉम्प्युटर जोडला. जुन्यातली हार्ड डिस्क शाबूत होती, ती त्यात बसवली. तेवढ्यात दीर परत आला, या वेळी पोलीस शिपायासोबत, रडवेलं तोंड करून. "भावजयनं इळा मारला साहेब," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मारामारी करायला दवाखान्यात घुसलो होतो, हे त्याला सांगायचं नव्हतं. आणि त्याला मी मारलं, हे मला सांगायचं नव्हतं. डॉक्टरही खाली मान घालून टाके घालत राहिले.

मी त्याची तिन्ही पानं भरली. नाव. डाव्या भुवईवर जखम, तीन टाके. भावजयीनं विळ्यानं मारल्याचं पेशंट सांगतो. तिन्ही पानं सेव्ह झाली.

शिपायानं दोघांचे कागद मागितले. मी छापून दिले, डॉक्टरांनी न वाचता सह्या केल्या.

चार दिवसांनी ती बाई आली. डोकं भादरलेलं. हातात कागदाची झेरॉक्स.

"भाऊ, हे तुमीच लिवलं?"

मी वाचलं. तिचं नाव, गाव, आणि खाली : जखमा : निरंक. टेबलात जखमेची ओळ सापडली नाही तर निरंक छापायचं, ही आज्ञाही माझीच होती. कागद नीटनेटका दिसावा म्हणून.

तिनं पदर मागे घेतला. "मोजा."

मी मोजले. बारा.

"मंग कागदात काहून नाई? त्याचे तीन हायेत. म्या मारलं मंते तो. डोक्शाचं इचारलं त मंते, अकोल्याच्या रस्त्यात पडली असंन. आता माह्यावरच केस केली."

"तुमचं नाव सेव्ह झालं होतं," मी म्हणालो, "जखमा टाकतानाच त्यानं कॉम्प्युटर पाडला. नंतर मी पाहिलंच नाही."

"मले अर्धं लिवण्यापरीस लिवलं नसतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "कोनी इचारलं तरी असतं."

जुन्या नंबराला जखमा आता गुपचूप जोडणं मला दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच्या कागदावरचा विळा तसाच राहिला असता. मी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो.

"त्याला हिनं नाही मारलं. मी मारलं," मी फौजदारांना सांगितलं.

"काय सांगून राह्यला, समजते ना तुले?"

"समजते."

माझ्या मागोमाग चाचानं आणि सिस्टरनं जबाब दिले. मग डॉक्टरांनी दुरुस्त दाखला दिला. बाईवरची तक्रार गळून पडली. दिराला अटक झाली, आणि माझ्यावरही गुन्हा दाखल झाला.

त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम बदलला. आता तिन्ही पानं पुरी भरल्याशिवाय काहीच सेव्ह होत नाही. मग तिन्ही टेबलांत नोंदी एकदमच जातात, आणि एक जरी अडली तरी बाकीच्या मागे घेतल्या जातात. निरंक हा शब्द मी खोडला. जखमांचं टेबल भरत असताना मुद्दाम वायर उपटून पाहिली, बरेचदा. प्रत्येक वेळी पहिलं टेबल उघडून बघितलं. अर्ध्या नोंदीचं नाव तिथं नव्हतं.

पहिल्या तारखेला कोर्टाच्या पायऱ्यांवर जामिनावर सुटलेल्या दिरानं माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. चाचानं त्याचं मनगट पिरगळलं, पोलीस धावत आले. ती बाई दोन पायऱ्या वर उभी राहून पाहत होती. त्याला बाजूला नेलं तशी ती आत गेली, बाकावर बसली आणि आपलं नाव पुकारायची वाट पाहू लागली.