डावा हात खिशात

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी वीज आणि चुंबकत्वाच्या प्रॅक्टिकलला एक लॅब अटेंडंट असायचे. सगळे त्यांना भैया म्हणत, मी घरच्या सवयीनं काका. नाव कधी विचारलंच नाही. वायरींची जोडणी तपासताना त्यांचा डावा हात कायम खिशात असे. मी दोन्ही हात घातले की खेकसायचे, "मरायचं आहे काय रे? दोन्ही काहून लावून राहिला? करंट छातीतून जातो मग."

एका संध्याकाळी ते नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिसले. आरतीला सगळ्यांचे हात जोडलेले, यांचा डावा मात्र खिशातच. मी हसून म्हटलं, "काका, इथं कुठला करंट?"

नर्मदेवरची नजर न हलवता ते म्हणाले, "बायकोच्या अस्थी इथंच सोडल्या. दोन्ही हात जोडले की सर्किट पूरा. मग ती सोडणार नाही मला."

हा किस्सा मी पुढे कितीदा तरी रंगवून सांगितला.

परवा त्याच घाटावर आईच्या अस्थी सोडल्या. नमस्काराला माझा उजवा हात तेवढा वर आला. मामा म्हणाले, "अरे, दोन्ही जोड."

मी पाण्याकडे पाहिलं, आणि डावा हात खिशात आणखी खोल सरकवला.