हिरव्या रंगाखालची कल्हई

नाशकात भद्रकालीच्या मागल्या गल्लीत इसाक कल्हईवाला बसायचा, आणि त्याच्यासमोर, वीस पावलांवर, मल्हारी पेंटर. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि तेही आजकालचं नव्हे, चांगलं अकरा वर्षांचं. पंच्याऐंशी साली एका स्टीलच्या दुकानदाराने मल्हारीकडून जाहिरातीची भिंत रंगवून घेतली. मल्हारीने टपोऱ्या निळ्या अक्षरांत लिहिलं, 'कल्हईची कटकट संपली, आता घरोघरी स्टील'. भिंत कुठली, तर नेमकी इसाकच्या तोंडासमोरची. बरं, लिहिलं ते लिहिलं, अक्षरं फिकट झाली की हा बाबा शिडी लावून पुन्हा गिरवायचा. गिऱ्हाईक सांगतं तेच आपण लिहितो, असं मल्हारी म्हणे. इसाक म्हणे, त्याचा हात झडो.

सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना पहिली शिवी कोण देतो यावर गल्लीतले लोक पैजा लावत. पण एक गोष्ट होती. कामाच्या बाबतीत ते एकमेकांशी खोटं बोलत नसत. मल्हारीने एकदा लोखंडी पेटी उचलून दाखवली आणि रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, की ए भुसनळ्या, ह्याच्यावर रंग धरंल का. इसाकने त्याचा आजा-पणजा काढला आणि मग खरं ते सांगितलं, की पोटातून गंजलीय, नाही धरणार. मल्हारीने पेटी परत पाठवली. आभार-बिभार काही नाही.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात गंगापूर रोडवरच्या एका इंग्रजी शाळेतल्या सुवर्णा मॅडम विचारत विचारत गल्लीत आल्या. गॅदरिंगला नाटक बसवलं होतं, जुन्या काळच्या विलायती सरदारांचं. तिकडे त्यांना नाइट म्हणतात. एका पुलावर तीन नाइट पहारा देतात, एक काळा, एक लाल, एक हिरवा, आणि राजपुत्राला तिघांशी लढून पलीकडे जायचं असतं. तर तीन चिलखतं हवी होती, डोक्यावरच्या टोपासकट. इसाकला वाटलं नाइट म्हणजे रात्र, आणि रात्र लाल-हिरवी कुठून आणली ह्या बाईने. मॅडमनी नीट समजावलं. ह्या सरदारांचं तोंड झाकलेलं असतं, नाव कोणी विचारत नाही. चिलखताचा रंग तेच त्यांचं नाव.

इसाकने विचारलं, आणि ज्याने चिलखत घडवलं त्याचं नाव? मॅडम हसल्या. पत्रा तुम्ही ठोका, म्हणाल्या, रंग समोरचे मल्हारी देतील. इसाकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घाम आपण गाळायचा आणि शाळाभर नाव त्या भिंतीवाल्याच्या रंगाचं! तरीही त्याने काम घेतलं. घरोघरी स्टील खरोखरच आलं होतं, हातोडा चालवायला मिळाला हेच पुष्कळ होतं.

संध्याकाळी घरी गेला तर मुलगी रुखसार दारातच उभी. आठवीत होती, त्याच शाळेत. आई खातूनबीने हट्टाने घातली होती. आणि हिरवा नाइट होती तीच, वर्गात सगळ्यांत उंच म्हणून. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, अब्बा, मॅडमना सांगू नका मी तुमची कोण ते. कोणालाच सांगू नका. शाळेत तिने सांगितलं होतं की अब्बांचं मेटलचं वर्कशॉप आहे. वर्गातल्या निम्म्या पोरी कॉलेज रोडच्या, आणि इसाक सायकलवर भट्टीचा भाता बांधून त्याच कॉलन्यांतून 'कल्हईय्ये' अशी आरोळी ठोकत वर्षानुवर्षं फिरलेला. ती आरोळी पोरी मधल्या सुट्टीत काढून हसायच्या. रुखसारही हसायची. काय करणार, न हसून कळू द्यायचं? त्या टोपात शिरल्यावर आपल्याला कोणी ओळखणार नाही, ह्यातच तिचा जीव अडकला होता.

इसाकने मान डोलावली. पण ते त्याला लागलं, खोल लागलं. जेवला नाही त्या दिवशी.

तेलाचे पंधरा किलोचे डबे आणून त्याने कापले, भट्टीत जाळून छाप उडवला, ठोकून छातीची गोलाई दिली, टोपाला तोंडावर झडप बसवली. झकास काम. पण जळका काळा पत्रा त्याच्याने बघवेना. काळं भांडं त्याने जन्मात कोणाला परत दिलं नव्हतं. त्याने नवसागर टाकला, कथिलाची कांडी फिरवली, तिन्ही चिलखतं कल्हईने पांढरीशुभ्र केली आणि सवयीने शेवटचा तेलाचा बोळाही फिरवला.

मल्हारीने रस्त्यापलीकडून पाहिलं आणि ओरडला, की गुळगुळीतावर रंग धरायचा नाय, काचपेपरने खसाखसा घासून दे. आपल्या कल्हईवर आपल्याच हाताने ओरखडे? इसाकने काचपेपर हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मल्हारी चिलखतं न्यायला आला. अकरा वर्षांत प्रथमच तो ह्या बाजूला आला होता.

"घासलंय का?" त्याने विचारलं.

"घासलंय," इसाक म्हणाला.

मल्हारीने हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. कामाचं विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. उचलली आणि गेला.

गॅदरिंग शाळेच्या मैदानावर, चार वाजता. इसाक दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खातूनबीबरोबर शेवटच्या रांगेत बसला. मल्हारी पार पुढे, मॅडमनी मुद्दाम बोलावून बसवलेला. पडदा उघडला तेव्हा तीन नाइट असे काही दिसले की टाळ्यांचा पाऊस पडला. रंग खरंच देखणा झाला होता, आणि इसाकचा जीव जळला.

मग लढाई सुरू झाली. लाकडी तलवारीचा पहिला फटका काळ्याच्या खांद्यावर बसला आणि काळा रंग पापुद्र्यासारखा उचकटून खाली पडला. मग लाल गळायला लागला. मग हिरवा. पाच मिनिटांत पुलावर तीन पांढरेलख्ख सरदार उभे! राजपुत्र झालेला मुलगा गोंधळला. त्याला आता लालाला मारायचं होतं, पण लाल कुठला? मैदान खदखदा हसायला लागलं. मल्हारीने खाली मान घातली ती वर केलीच नाही.

तेवढ्यात मागून कुण्या टवाळाने आरोळी ठोकली, "कल्हईय्ये!" हसण्याचा नुसता स्फोट झाला.

आणि इसाक, तो मूर्ख माणूस, उभा राहिला. त्याला वाटलं, ओळखलं. शेवटी लोकांनी रंगाखालचं काम ओळखलं. छाती पुढे काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "माझ्या हातची कल्हई आहे ती. आणि ती तिसरी उंच, ती माझी मुलगी. रुखसार."

खातूनबीने त्याचा सदरा ओढला, पण शब्द गेला होता. पुलावरचा तिसरा नाइट हलला नाही. नाटक कसंबसं संपलं. रुखसारने टोप काढला नाही. गंगापूर रोडपासून भद्रकालीपर्यंत ती तोंडावरची झडप बंद ठेवून चालत आली, आईबापांच्या पुढे पन्नास पावलं, आणि रस्ताभर लोक थांबून थांबून बघत होते.

घरी येऊन तिने टोप काढला तेव्हा तोंड सुजलं होतं रडून. इसाक काहीतरी पुटपुटला, की बेटा, कामाची लाज कसली. ते खरंच होतं, पण त्याने बोलायचं ते नव्हतं.

"तुमचं नाव झालं अब्बा," ती म्हणाली. "मल्हारीचाचांचं घालवलंत आणि माझं पण. पत्र्यावर एक ओरखडा नाही, घासलंच नव्हतंत तुम्ही. रविवारी बक्षिसांच्या दिवशी पुन्हा खेळ आहे. चाचांना जाऊन खरं सांगा."

सकाळी इसाक रस्ता ओलांडून गेला. वीसच पावलं. मल्हारी शिडीवर होता, कुठल्याशा क्लासची पाटी रंगवत.

"घासलं नव्हतं," इसाक म्हणाला.

"माहित्ये. बोटाला तेल लागलं काल, पापुद्रे गोळा करताना."

इसाक शिवीची वाट पाहत उभा राहिला. एक जरी आली असती तरी त्याचं ओझं हलकं झालं असतं. मल्हारी अक्षराचा काना ओढत राहिला, संपवला, ब्रश पुसला. मग खाली न बघताच बोलला.

"पोरीला सांग, तिचा हिरवा मी पुन्हा मारून देतो. पक्का. घासून तिचं तिनंच आणायचं. तू ह्या बाजूला पाऊल टाकायचं नाय."

इसाकने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रुखसार दुपारभर दुकानाच्या फळीवर, अख्ख्या गल्लीसमोर, बापाच्या कल्हईवर काचपेपर घासत बसली. इसाक शेजारीच होता. मग ती उठली आणि त्याच्याकडे न बघता चिलखत घेऊन पलीकडे गेली.