इंजिन निवेपर्यंत

एल्डन फ्रेरिक्सने अडतीस वर्षं आमच्या गावच्या धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला. मका भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, एल्डन खिडकीतून बघायचा, आकडा लिहायचा, ट्रक उतरायचा. रिकामा ट्रक परत चढायचा, तो पुन्हा आकडा लिहायचा. नेब्रास्काच्या या भागातल्या प्रत्येक गाडीचं वजन त्याला तोंडपाठ होतं. आमच्या धर्मगुरूंची गाडीसुद्धा एकदा वळताना चुकून काट्यावर आली होती, तर त्याने तिचीही पावती फाडली.

त्याची बायको आर्विला माझी शेजारीण. माझं आयुष्य तंबूतल्या नाटकमंडळीत गेलं. कॅन्ससपासून डकोटापर्यंत दर सोमवारी नवं गाव, नवं मैदान, तोच तंबू. मंडळी मोडली तेव्हा मी जिथे होते तिथेच राहिले, आणि ते हे गाव निघालं. त्यामुळे चाकांवरचं घर म्हणजे काय ते मला माहीत होतं. आर्विलाने तीन वर्षांपूर्वी एका लिलावात तसलं एक घर घेतलं, तेव्हा पहिल्यांदा आत जाऊन बसणारी मीच. अठ्ठावीस फूट लांब ट्रेलर, दोन शेगड्या, एक बेसिन, पडद्यांवर बदकं.

"छान आहे," मी म्हणाले. "ओढणार कशाने?"

"एल्डन बघतोय," आर्विला म्हणाली.

एल्डन तीन वर्षं बघत होता.

आर्विलाची थोरली बहीण ओरेगनमध्ये समुद्रकाठी राहते. वय चौऱ्याऐंशी. दोघींची नऊ वर्षांत भेट नव्हती. आर्विला विमानात बसत नाही. का, ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. तेव्हा ठरलं होतं असं, की जुना पण चांगला डिझेल पिकअप घ्यायचा, ट्रेलर जोडायचा आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत बहिणीकडे पोचायचं. एल्डनने तोवर अकरा ट्रक पाहून नाकारले होते. पहिल्याला गंज होता. दुसऱ्याच्या गंजावर रंग मारलेला होता. तिसऱ्याचा मालक सिगारेट ओढायचा. सातव्याचा मालक विकायला फार उतावीळ होता. आठव्याचा मालक अजिबात उतावीळ नव्हता, आणि एल्डनच्या मते ते जास्त संशयास्पद होतं.

आमच्याकडे कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आत ट्रेलरच्या नळ्या रिकाम्या करून त्यात एक गुलाबी औषध भरावं लागतं, नाहीतर पाणी गोठून नळ्या फुटतात. तीन वर्षं दर शरदात एल्डन न चुकता ते औषध भरायचा. या सप्टेंबरात आर्विला आमच्या कुंपणापाशी उभी राहून त्याला म्हणाली, "यंदा मी गुलाबी पाणी आणलेलं नाही."

"दुकानात मिळतं," एल्डन म्हणाला.

"मिळतं. पण आणायचं नाही. पहिलं दहिवर पडायच्या आत एकतर आपण निघू, नाहीतर मी ट्रेलर विकून टाकेन. आणि मग बहिणीची चौकशी माझ्याकडे करायची नाहीस."

ती आवाज चढवून बोलली असती तर एल्डनला बरं वाटलं असतं. ती गाजरं सोलत बोलली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. टोपी हातात.

"कोरिन, चाळीस मैलांवर झेलेन्का म्हणून एक म्हातारा आहे. त्याने पशुखाद्याच्या दुकानात कार्ड लावलंय. डिझेल, अडुसष्ट हजार मैल, घराबाहेर कधी ठेवलेला नाही. तू चल."

"मला ट्रकमधलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणूनच. तू बोल, मी बघतो."

आता डिझेल ट्रक बघायला जायचं तर इंजिन थंड असायला हवं. खरी परीक्षा थंड इंजिन चालू करण्यातच असते. धूर किती, खडखड किती, किती वेळ कुरकुरतं, ते तेव्हाच कळतं. ज्याला काही लपवायचं असतं तो गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण फोनवर "आधी चालू करू नका हं" असं म्हणणं म्हणजे समोरच्याला लबाड म्हणण्यासारखंच. म्हणून एल्डनने ते म्हटलं नाही. "सातला येतो," एवढंच म्हणाला.

आम्ही सातला पोचलो. गवतावर दव होतं, ते गोठून दहिवर झालं नव्हतं. लुमीर झेलेन्का दारात उभा होता. ऐंशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, बूट पुसलेले. ट्रक गोदामाबाहेर काढून ठेवलेला. पांढरा, स्वच्छ. एल्डनने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर सहज हात टेकला आणि तसाच उभा राहिला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बॉनेट गरम होतं.

आमच्याकडचे पुरुष अशा वेळी आभाळाकडे बघतात. दोघांनी पाहिलं.

"वारा पडलाय," एल्डन म्हणाला.

"पडलाय खरा," झेलेन्का म्हणाला.

"दुपारी सुटेल."

"सुटायला हवा."

मग एल्डन म्हणाला, "काहीतरी भाजल्याचा वास येतोय."

"खसखशीचे कोलाचे आहेत. बायकोची कृती. या आत."

आत जाताना एल्डन माझ्या कानाशी म्हणाला, "किमान चार तास. सांभाळ."

मी आयुष्यात पुष्कळदा पडदा अडकलाय म्हणून प्रेक्षकांसमोर उभी राहिले आहे. एकदा वादळात तंबूचा मधला खांब मोडला, तर मंडळी तो बांधेपर्यंत मी गाणी म्हणत होते. पण एका इंजिनासाठी चार तास हा माझा पहिलाच प्रसंग. मी ते खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, खाल्ले, कॉफी घेतली, आणि सुरुवात केली. आमच्या नाटकमंडळीच्या मालकाने माकड पाळलं होतं ते सांगितलं. माकड तिकिटं चावायचं ते सांगितलं. नऊ वाजता एल्डन "जरा हवा बघून येतो" म्हणून बाहेर गेला आणि येऊन मान हलवून बसला. मी आमचा जुना खेळ काढला. त्यात एक वारसदार मुलगी असते आणि तिच्या इस्टेटीवर डोळा ठेवणारा तिचा चुलता. दुसरा अंक मी दोघांच्याही आवाजात केला. चुलत्यासाठी मी झेलेन्काची टोपी घेतली. तो अगदी ताठ बसून बघत होता. मुलगी विहिरीच्या काठावर येते तिथे मी थांबले, कारण एल्डन पुन्हा हवा बघायला निघाला होता.

"पुढे?" झेलेन्का म्हणाला.

"पुढे तिसरा अंक."

"तो आहे का?"

"आहे ना. पण त्याला बराच वेळ लागतो."

"मला काही घाई नाही," झेलेन्का म्हणाला. मग खिडकीतून एल्डनकडे बघत, त्याच सुरात, "तुमच्या माणसालाही नसावी. त्याचं इंजिन निवलं का?"

तेवढ्यात एल्डन आत आला.

"फ्रेरिक्स, निवलं का?"

एल्डन लाल झाला. "निवलंय."

"मी सहाला चालू केलं होतं. हीटर लावून ठेवला. पाहुण्यांनी गार गाडीत बसायचं म्हणजे काहीतरीच. मागाहून लक्षात आलं, की तुम्हाला काय वाटेल."

"मला काही वाटलं नाही."

"मलाही तसंच वाटलं," झेलेन्का म्हणाला. त्या दोघांमध्ये यापेक्षा मोठं भांडण होऊ शकेल असं मला वाटत नाही.

अकरा वाजून गेले होते. एल्डनने किल्ली अर्धी फिरवली, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबला, मग पुरी फिरवली. इंजिनाने पहिल्या फटक्यात घेतलं. चार फुगे पांढऱ्या धुराचे, मग काही नाही. एल्डन खाली वाकला, बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, गाडीखाली झोपून पाहिलं. वही काढली. दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, गाडीत आणि गाडीवर मिळून किती ओझं चालेल ते तिच्यावर छापलेलं असतं. इथे सगळे लोक किती ओढेल तेच विचारतात, ती चिठ्ठी कुणी वाचत नाही. एल्डनने वाचली. दोन हजार एकशे चाळीस पौंड. त्यातून ट्रेलरच्या दांड्याचं ओझं वजा केलं, जोडणीचं लोखंड वजा केलं, हत्यारं, कुत्रा आणि स्वतः. मी खांद्यावरून बघत होते. उरले सातशे एकोणसत्तर. इथे पेन्सिल थांबली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तो एक आकडा कधी विचारला नव्हता. मग त्याने लिहिलं, 'आर्विला: ७६९ पर्यंत.'

सगळं जुळत होतं. आणि सगळं जुळलं तसा एल्डन अस्वस्थ झाला. मी ओळखते तो चेहरा. आमच्याकडे एक नट होता, पडदा वर जायच्या वेळी तो हटकून मिशी पुन्हा चिकटवायला बसायचा. मिशी नीटच असायची. अडतीस वर्षं सगळी दुनिया एल्डनच्या काट्यावर चढली आणि उतरून कुठे कुठे गेली. तो खिडकीत होता. अठ्ठावीस फूट मागे बांधून डोंगर ओलांडायचे, याची त्याला भीती वाटत होती, आणि हे त्याने आर्विलाला सांगितलं नव्हतं, मला नव्हतं, बहुधा स्वतःलाही नव्हतं.

तो टायरांपाशी उकिडवा बसला. रबरावर नव्या टायरचे बारीक केस तसेच होते. बाजूला ठसा असतो, कुठल्या वर्षी बनला त्याचा. एल्डनने चष्मा पुसून तो वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. बारावा ट्रक नाकारायला कारण सापडलं होतं.

"झेलेन्का, हे टायर एक मैलही चाललेले नाहीत."

"नाहीत."

"पण चार वर्षांचे आहेत."

"आहेत."

"मग हे काय गौडबंगाल आहे? चाललेच नाहीत तर घातले कशाला?"

झेलेन्काने टोपी काढली, आत बघितली, पुन्हा घातली.

"बायकोला ब्लॅक हिल्सच्या डोंगरात जायचं होतं. ट्रेलर होता आमच्याकडे. आधीचे टायरही तसे चांगलेच होते. मी म्हटलं, नवे घालू, मग निघू. त्याच्या आधी म्हटलं होतं, आरसे मोठे लावू, मग निघू. त्याच्या आधी ब्रेक." त्याने बुटाच्या टोकाने एक खडा बाजूला केला. "टायर गुरुवारी बसवले. ती मंगळवारीच गेली होती. दुकानदाराला नको म्हणायचं राहून गेलं."

वारा खरंच सुटला होता. एल्डन टायरापाशी तसाच बसून होता. त्याने ठशावरून अंगठा फिरवला, जणू आकडा पुसता आला तर बघावा.

"बदलून घ्या हं," झेलेन्का म्हणाला. "जुने आहेत. मी सांगणारच होतो."

"सहा वर्षं चालतात," एल्डन म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "कार्डावर लिहिलीय तीच किंमत?"

"तीच."

"बरं."

घासाघीस झाली नाही. झेलेन्काने जोडणीचं लोखंड आणि मोठे आरसे वर दिले, एल्डन नको म्हणाला, झेलेन्काने ऐकलं नाही. मी एल्डनची जुनी गाडी चालवत मागून आले. तो चाळीस मैल पंचेचाळीसच्या वेगाने गेला, आणि ट्रेलर अजून जोडलेलाही नव्हता.

चौथ्या दिवशी ते निघाले. मी कोठारापर्यंत सोबत गेले, कारण एल्डन आधी काट्यावर चढणार हे उघड होतं. ट्रक आणि ट्रेलर मिळून काट्यावर मावेनात, तेव्हा दोनदा चढवावं लागलं. खिडकीत आता दुसरा माणूस असतो. त्याने पावती दिली. एल्डन ती घेऊन वाचत उभा राहिला आणि आर्विला आत बसून पेन शोधता शोधता वहीपाशी पोचली.

"एल्डन."

"हं."

"सातशे एकोणसत्तर?"

"पर्यंत," एल्डन म्हणाला. "पर्यंत लिहिलंय."

"मला दिसतंय काय लिहिलंय."

"जागा सोडलीय जरा. तुला अडचण नको."

आर्विलाने त्याच्याकडे पाहिलं. काट्यावरचा माणूस खिडकी लावून घेत होता. मग ती म्हणाली, "मग मागच्या बीटच्या लोणच्याच्या बरण्या पुढे घेऊ का? जागा आहे म्हणतोस तर."

"बरण्या ट्रेलरमध्ये मोजल्यात," एल्डन म्हणाला. "त्यांना हात लावू नकोस." तो चढला, दार लावलं, आरसे बघितले, परत बघितले. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्याने गिअर टाकला आणि काट्यावरून उतरला. डावीकडे घर होतं. तो उजवीकडे वळला.

पाचव्या रात्री आमच्याकडे कडक दहिवर पडलं. माझे टोमॅटो गेले.

त्यानंतर बारा दिवसांनी मला कार्ड आलं. एल्डनचं अक्षर, पावतीवर लिहितो तसं: 'गॅलनला साडेअकरा मैल. बहीण बरी आहे. समुद्र मोठा आहे.' खाली आर्विलाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'काल दोन तास पाण्याकडे बघत उभा होता. वजन काढत असावा. बहिणीने त्याला आत बोलावलं तर म्हणाला, घाई कसली आहे.'

मी ते कार्ड घेऊन झेलेन्काकडे गेले. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"टायरांबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग ठीक आहेत." त्याने कार्ड मला परत दिलं, कॉफी ओतली, स्वतःची टोपी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि ताठ बसला. मी तिसरा अंक सुरू केला.