आंब्याचा किडा

माझं शिक्षण सातवी. आठवीची पुस्तकं आणली होती, पण लग्न ठरलं आणि ती धाकट्या बहिणीकडं गेली. हिंगोलीकडून महाडला आले ती नवऱ्याच्या कंपनीतल्या नोकरीमागं. बिरवाडीत एक खोली, खिडकीतून येणारा केमिकलचा वास, आणि ओळखीचं एकही माणूस नाही. त्याच घराच्या तळमजल्यावर पुण्याच्या मॅडमनी जागा भाड्यानं घेतली. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत कोणता किडा कुठल्या गावात, कुठल्या झाडावर राहतो याची त्या यादी करत होत्या. "यादीच नसेल तर उद्या डोंगर फोडताना इथं कोण राहत होतं, हे कुणी विचारणारसुद्धा नाही," असं त्या म्हणायच्या. मी तिथं झाडलोट करायचे. एकदा त्यांच्यासाठी आलेला निरोप मी कागदावर लिहून ठेवला, तर त्या निरोप सोडून अक्षरच बघत बसल्या. "ताई, आजपासून चिठ्ठ्या तुम्ही लिहायच्या."

ज्या किड्याची ओळख पटत नाही तो स्पिरिटच्या बाटलीत जातो, आणि सोबत एक चिठ्ठी: गाव, झाड, तारीख. पेनाची शाई स्पिरिटात उतरते, म्हणून पेन्सिलनंच लिहायचं. मॅडमनी मला नवी पेन्सिल दिली, टेबलाशी खुर्ची दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवसापासून पोटात एक भीतीही बसली. एखाद दिवशी चूक होईल आणि पुन्हा हातात नुसता झाडूच राहील.

मग मॅडमना किडे शोधून द्यायला उमरठवाली आली. उमरठच्या वरच्या वाडीत तिचं सासर, नवरा मुंबईला. ती खूप शिकलेली असती तर मला काही वाटलं नसतं. पण हिनं चौथीतच शाळा सोडलेली, सहीसुद्धा थांबत थांबत करायची. आणि मॅडम हिच्यासमोर वही उघडून बसायच्या! "ह्यो किंजळीवर बसतो, ऐनावर कधी नाय," एवढं ती म्हणाली की मॅडम लगेच टिपून घ्यायच्या. चतुर कुठल्या ओढ्यावर आधी दिसतात, सोनकिडा कुठल्या फांदीला सापडतो, सगळं हिच्या जिभेवर. मीही एकदा आमच्याकडच्या मृगाच्या किड्याचं कौतुक सांगायला गेले. लाल, मखमली, लहानपणी तळहातावर घेऊन फिरायचो. मॅडम हसल्या. "त्याला आठ पाय असतात, ताई. तो कोळ्याच्या नात्यातला. आपल्या यादीत नाही बसत."

"काय गो घाटावरचे," उमरठवाली म्हणाली, "तुमच्यात पाय मोजत नाय काय?"

मीही हसले. घरी येऊन भाकरी करपवली.

गणपती झाल्यावर मॅडम तापानं पडल्या. शिवथरच्या खोऱ्यातली फेरी राहिली होती, आणि उमरठवालीचं माहेर तिकडंच. ती एकटी गेली आणि चार दिवसांनी पिशवीभर बाटल्या घेऊन आली. तिचा फोन बटणांचा, त्यामुळं फोटो नाही की नकाशा नाही, सापडला तो प्रत्येक किडा बाटलीत. ती एकेक बाटली उचलून सांगायला लागली, मी लिहायला लागले.

"ह्यो आंब्याचा. ह्यो कुंभ्याचा. ह्योपण कुंभ्याचा."

"गाव?"

"शिवथर गो! किती वेळा सांगू?"

मी लिहिलं. गाव शिवथर, झाड आंबा. गाव शिवथर, झाड कुंभा. कुंभ्याचं झाड मॅडमनी मला दाखवलं होतं. ते बरोबर आठवलं म्हणून मी मनातल्या मनात खूशही झाले.

मॅडम बऱ्या झाल्या आणि चिठ्ठ्या वाचताना थांबल्या. "हे एवढे सगळे आंब्यावर? हा तर आंब्याच्या जवळपासही फिरकत नाही. कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," मी म्हणाले. "मी विचारूनच लिहिलं."

उमरठवाली दारात होती. "आंब्याचा म्हटला मी. आंब्याचाच हाय तो."

मॅडमच्या अंगात अजून कणकण होती. "राहू दे. ही फेरी यादीत धरायची नाही. आणि यापुढं एकटीनं जाऊ नका."

तिचा चेहरा पडला. तिनं चपला घातल्या आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. मला त्या दोन दिवसांत चहा फार गोड लागला. मॅडमसमोरची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडं पुन्हा पुन्हा बघत होते.

चौथ्या दिवशी मी बिरवाडीच्या नाक्यावर रिक्षासाठी उभी होते. शेजारच्या म्हातारीनं रिक्षावाल्याला हटकलं, "आंब्याला जातोस काय रे?"

"नाय आजी, ही कुंभ्याला. आंब्याची मागून येते."

मला आधी हसू आलं. झाडाला कुणी रिक्षानं जातं का? मग मी रिक्षाच्या दाराशी गेले. "आंबे म्हणजे कुठं, दादा?"

"आंबे शिवथर. कुंभे शिवथर, कसबे शिवथर, तीन शिवथर हायत. नवीन हाय काय तुम्ही?"

तिनं गावं सांगितली होती आणि मी झाडं लिहिली होती.

पुढचे दोन दिवस मी गप्प राहिले. सांगितलं तर पेन्सिल जाणार. नाही सांगितलं तर अख्खं खोरं यादीत कोरं राहणार, आणि ती घरी बसणार. तिची कीव आली म्हणून मी तोंड उघडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. आज ना उद्या तीच येऊन हे उलगडून सांगेल, मग माझं काय राहील, या भीतीनं मी आधी जाऊन सांगितलं. मॅडमनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यांनी फोन उचलून तिला बोलावलं.

उमरठवाली पोट धरून हसली. "आंब्याचा झाड! अगो बाय!" मग डोळे पुसून बसली आणि एकेक बाटली उजेडात धरून सांगू लागली. ही आंबे शिवथरची, देवळामागच्या राईतली. ही कुंभ्याची, कातळाखालच्या पाण्याजवळची. झाडंही तिनं वेगळी सांगितली. दोन बाटल्या तिनं बाजूला सारल्या. "ह्या नाय आठवत. उगाच खोटा कशाला सांगू?"

मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहा. गावाचं नाव पूर्ण. आणि खाली आणखी एक ओळ, कुणी गोळा केला. त्यांचंही नाव पूर्ण."

पेन्सिल माझ्याकडंच राहिली. देवाचे आणि मॅडमचे आभार मानत मी लिहायला बसले. प्रत्येक चिठ्ठीवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, माझ्या अक्षरात. माझं नाव कुठंच नाही.

तिनं एक चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली. "ह्यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"लय बारीक लिवलास गो."

"बाटलीत मावायला नको का?" मी म्हणाले.

थोडं मोठं असतं तरी मावलं असतं.