हीटर नसलेला बोकड

अमेरिकेतल्या पॉन्टियॅक गावात झिग्मंड डुडेकला सगळे झिगी म्हणत. गाड्यांच्या कारखान्यात, इंजिनांच्या खात्यात कामाला. अंगाने पिंप, मनाने लोणी आणि हट्टाला पेटला की खेचर. चौसष्ट साली त्याने जीटीओ गाडी घेतली. जीटीओचं 'गोट' झालं, म्हणून गावात त्या गाडीला बोकडच म्हणत, आणि नाव शोभायचंही. समोर कोणी आलं की धडक द्यायला तयार.

या बोकडाचा जन्मच मुळी वात्रटपणातून झालेला. वरच्या साहेबांचा दंडक होता की मध्यम गाडीत अमक्या मापापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. कारखान्यातली डोकेबाज मंडळी म्हणाली, "आम्ही कुठे घालतोय? गिऱ्हाइकाने मागितलं तर जादा सामान म्हणून देतो." झालं! थोरल्या गाडीच्या इंजिनाचं धूड धाकटीच्या पोटात जाऊन बसलं. चार गिअर, हवे तर तीन कार्बुरेटर, मागे धुराची दोन नळकांडी. बॉनेटवरच्या दोन नाकपुड्या मात्र नुसत्या शोभेच्या, आतून बंद.

झिगीचं एवढ्याने भागेना. शंभर पौंड वजन घटलं की शर्यतीत सेकंदाचा दहावा हिस्सा वाचतो, हा वुडवर्ड रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल गाड्या पळवणाऱ्या पोरांचा पाढा. म्हणून त्याने रेडिओ घेतला नाही. हीटरही घेतला नाही, आणि तेही मिशिगनच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत. मागचं बाक उपटून आईच्या ओसरीवर ठेवलं, तिथे मांजर व्याली.

बर्नडीन ही पॉवलाक बेकरीवाल्यांची मुलगी. बापाची पावाची गाडी बर्फातून पिटाळणारी. तिच्यासाठी घेतलेली अंगठी नाताळपासून झिगीच्या खिशात होती, पण विचारायला जीभ रेटत नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी ती त्याच्या शेजारी बसायची, उबेसाठी मांडीवर कागदात गुंडाळलेले गरम बटाटे घेऊन. सिग्नलला शेजारच्याने इंजिन गुरगुरवलं की झिगी अदबीने म्हणायचा, "बर्नी, जरा उतरतेस? एवढा एकच सिग्नल." ती फुटपाथवर कुडकुडत उभी, आणि हा जिंकून, वळसा घालून परत.

जानेवारीत एकदा तो असाच जिंकून आला, तर फुटपाथ रिकामा. हॅम्बर्गरच्या दुकानासमोर लाइल हचिन्सची गाडी उभी होती. लाइल त्याच्याच खात्यातला. बर्नडीन त्याच्या शेजारी बसून खात होती, तीही कोट काढून. झिगीच्या काळजात कळ उठली ती त्या कोटामुळेच.

"चल की," तो म्हणाला.

"कशाला? इथे मला कोणी तराजूत घालत नाही."

लाइल दात काढत म्हणाला, "पाय शेकत शेकतही मी तुला हरवीन, झिगी."

"हो का? मग ये सिग्नलला. बर्नी, तू इथेच थांब."

सवयीने तोंडातून गेलं. बर्नडीनने शांतपणे हात पुसले, कोट चढवला आणि बोकडाच्या दाराशी आली.

"तुझं वजन किती?"

"दोनशे चाळीस पौंड."

"आणि माझं?"

"एकशे वीस," तो पुटपुटला.

"मग नियमाने कोणी उतरायचं?"

दुकानासमोरची सगळी मंडळी कान टवकारून होती. झिगी उतरला आणि त्याच्या जागी बर्नडीन स्टिअरिंगवर बसली.

दिवा हिरवा झाला, बोकडाने दोन काळे पट्टे मागे सोडले आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळाने लाइल एकटाच परतला. "जिंकली बाबा. पण वळलीच नाही, सरळ घरी गेली. सोडू तुला? गाडी गरम आहे."

"चालेन मी," झिगी म्हणाला आणि चालला. अर्ध्या वाटेत मिशीचा बर्फ झाला, पाय आहेत की नाहीत कळेना. दर शनिवारी ती अशीच उभी राहायची, हे त्याच्या टाळक्यात तेव्हा कुठे शिरलं.

बर्नडीनच्या आईने, पॉवलाकबाईंनी दार उघडलं. "या, बोकडवाले. चालून चालून हलके झाला असाल."

आत बर्नडीन बिटाचं सूप पीत होती. मान वर केली नाही.

"सोमवारी हीटर बसवतो," झिगी म्हणाला.

"आणि बाक?"

"तेही. मांजरीची पिल्लं उठली की."

"मग हरशील लाइलशी."

"हरेन," तो म्हणाला. दाढ उपटावी तसा शब्द निघाला.

बर्नडीनने पायाने खुर्ची पुढे सरकवली. गोठलेल्या बोटांनी त्याला खिशातली अंगठीची डबी काढता येईना, तेव्हा तिनेच काढली.

लग्न मे महिन्यात झालं. त्या उन्हाळ्यात झिगी लाइलशी दोनदा हरला, आणि दोन्ही वेळा गिअर कधी बदलायचा ते शेजारून बर्नडीन ओरडून सांगत होती.